मांडव नसताना
आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. पंचायतीच्या राखीव जागेसाठी ती उभी राहणार, म्हणून आम्ही आदिवासी असल्याचं तपासणी समितीला पटवायचं होतं.

“लग्नातलं गाणं म्हणा, बाई,” साहेब म्हणाले.

आमच्या पाड्यावर प्रत्येक लग्नात आईच गाते. “मांडव नसताना म्हणत नाहीत, साहेब.”

“मग आम्ही ओळखायचं कसं? मुलीला येतं?”

मी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. मला एक ओळही येत नाही. आम्हाला प्रतिनिधित्व द्यावं का, यावर टीव्हीवर किती जण बोलतात. इथे आम्हीच बोलायचं होतं, आणि मी टेबलाकडे बघत राहिले.

आई खिडकीकडे वळली आणि गायली. साहेबांनी कागदावर खूण केली.

परतताना एसटीत ती हळूच म्हणाली, “तुझ्या लग्नात गायला दुसरी कुणी बघ.”