दादाची गाडी वाजत नाही

माझा मोठा भाऊ गाडी कानाने चालवायचा. यवतमाळ ते दारव्हा या रस्त्यावर तीस वर्षं त्याची डिझेल व्हॅन प्रवासी घेऊन धावली, आणि त्या तीस वर्षांत त्याने समोरच्या काट्यांकडे एकदा तरी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. "आवाज फाटला का गेअर टाक," एवढंच त्याचं शास्त्र. मी आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवून निवृत्त झालेला माणूस. मीटर लावून मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. त्यामुळे आमचं कधी पटलं नाही आणि एकमेकांवाचून करमलंही नाही.

मग त्याला खोकला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, डिझेलच्या धुरापासून लांब राहा. दादाने ते कानाआड केलं. खोकला तुरीच्या भुशाचा आहे, सिमेंट रस्त्याच्या धुळीचा आहे, माझ्या अगरबत्तीचा आहे, असं तो सांगत राहिला. शेवटी एका दुपारी बोरी अरबच्या अलीकडे त्याला अशी उबळ आली की भरलेली गाडी रस्ता सोडून तुरीच्या वावरात शिरली. कुणाला खरचटलंही नाही, तूर तेवढी आडवी झाली. पण दादाने त्या दिवशी गाडी अंगणात लावली ती लावलीच. वर्षभर तो ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकायचा आणि "याचा नोझल गेला" असं पुटपुटायचा. मला ते बघवत नव्हतं.

इंजिन काढून विजेची मोटर बसवू, हे मीच सुचवलं. धूर नाही म्हटल्यावर डॉक्टर काय बोलणार? वहिनीने लगेच आपलं घोडं पुढे दामटलं. "तीस वर्षं साऱ्या दुनियेले पोचवलं यायनं. मले एक डाव सहस्रकुंडचा धबधबा नाई दाखवला. गाडी करताच त मंग राहाले होईन अशी करा. पलंग पाहिजे, शेगडी पाहिजे." अशी ती गाडी कॅम्पर झाली. त्यात माझं डोकं काहीच नव्हतं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये काम सुरू झालं. साखळी लावून इंजिन वर उचललं तेव्हा दादाने डोक्यावरची टोपी काढली. "भंगारात नाई द्याचं," एवढंच म्हणाला. इंजिन घरी आलं आणि अंगणात तुळशीशेजारी विटांवर बसलं. तो रोज सकाळी फडक्याने ते पुसायचा. वहिनीने चार दिवस हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी त्याच्यावर पत्रा ठेवून मुंगवड्या वाळत घातल्या.

इंजिनाच्या जागी मोटर आली, खाली बॅटऱ्या, मागे पलंग आणि पलंगाखाली वहिनीचे डबे. वजनाचा मी किलोकिलोने विचार केला होता. वहिनीने त्यात पाटा-वरवंटा आणून ठेवला. मी डोळे वटारले.

"मिक्सर बॅटरी खाते म्हणता ना भाऊजी? मंग पाटा काय खाते?"

पाटा गाडीतच राहिला. शेगडी विजेची होती. तिच्यावर पिठलं छान झालं, पण भाकर काही केल्या फुगेना. भाकरीला जाळ लागतो हे माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीने ती भाकर ताटात माझ्याच वाट्याला दिली.

आरटीओचे कागद झाले. गाडी आता खासगी, प्रवासी बसवायचे नाहीत, असं मी दादाला दोनदा बजावलं. मग त्याने किल्ली फिरवली.

"लागली नाई."

"सुरू झाली आहे, दादा."

"वाजून कुठी राह्यली मंग?"

"ही वाजत नसते."

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून कान लावला. मग खाली उतरून दार लावलं. "ही गाडी नाई, फ्रीज होय," म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला. दोन आठवडे तो तिच्याकडे फिरकला नाही. मी चिडलो. एवढा खटाटोप कुणासाठी केला, असं मी वहिनीला जरा मोठ्यानेच विचारलं.

ती हळूच म्हणाली, "आवाजाचं निमित्त हाये भाऊजी. स्टेरिंगवर बसल्यावर पुन्हा खोकला आला त? अन् मांगं माणसं असली त? भेतेत ते."

माझा राग जागच्या जागी विरला. आयुष्यभर शेजारी राहून मला हे कळलं नव्हतं, याची लाज वाटली.

शेवटी वहिनीच एका सकाळी पिशव्या घेऊन गाडीत जाऊन बसली आणि काही केल्या उतरेना. दादाचा नाइलाज झाला. त्याने एकच अट घातली, जुना हॉर्न पुन्हा बसवायचा. मी बसवून दिला. तो हॉर्न म्हणजे नुसता भोंगा, अर्ध्या कोसावर ऐकू जाणारा. पण त्याची गरजही होती, कारण गाडी येतेय हे कुणालाच कळेना. शेळ्या हलेनात, म्हशी हलेनात, एक सायकलवाला तर मागे वळून आम्हाला पाहिल्यावर घाबरून नालीत उतरला. दादा भोंगा वाजवत सुटला. दोन्ही हातांनी स्टेरिंग घट्ट धरलेलं. मी मागे पलंगावर बसून बॅटरीचे टक्के बघत होतो.

बोरी अरबला बाजार होता. तो भोंगा वर्षभरानंतर ऐकू आल्यावर स्टँडवरच्या माना एकदम वळल्या. टोपलं घेतलेल्या एका म्हातारीने हात वर केला, आणि दादाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. म्हातारी दार उघडून आत आली, उशी बाजूला सारून पलंगावर बसली. तिच्यामागे आणखी सात जण चढले.

"मावशी, ही प्रवासी गाडी नाही," मी म्हणालो.

"मी काय नवी हाओ काय बाप्पा?" म्हणत तिने टोपलं माझ्या मांडीवर ठेवलं. "हळू धर, वांगे हायेत."

दादाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. पण बसलेल्या माणसाला उतरवणं त्याला कधी जमलेलं नाही. गाडी निघाली.

आणि लोक बोलू लागले. तीस वर्षं त्या गाडीत इंजिनाच्या धडधडाटात बोलायची त्यांना सवय. पुढे ड्रायव्हरला काही ऐकू जात नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. "याच्या बायकोनं गाडीत संसारच मांडला वं," एक बाई म्हणाली. पुढच्या सीटवर डोक्यावर पदर घेऊन बसलेली वहिनी ताठ झाली. "अन् याच्या मास्तर भावानं इंजिन खाल्लं म्हणते," दुसरा म्हणाला. त्या भावाच्या मांडीवर वांगी होती. दादा सगळं ऐकत होता. त्याची मान हसण्याने हलायला लागलेली मला मागून दिसली.

दारव्हा जवळ आलं तेव्हा म्हातारी शेजारणीला म्हणाली, "त्या दिवशी तुरीत घातली ना यानं गाडी, मी होती आत. आज बसाले भेतच होती. पण पाह्य ना वं, एक डावही खोकलला नाई पोरगा."

दादाची मान हलायची थांबली. त्याने खिडकीची काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर टाकलं आणि गळा मोकळा करून ओरडला, "चाला, दारव्हाऽऽ दारव्हा!" तशी गरज नव्हती. सगळे दारव्ह्यालाच जाणारे होते.

मग त्याने एकेकाला दारापर्यंत सोडलं, एका माणसाला तर थेट तांड्यावर. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, वांगी मात्र घेतली. बॅटरी पुसदपर्यंत पुरेल हे माझं गणित दारव्ह्यातच आटोपलं. म्हातारीच्या मुलाची पिठाची गिरणी होती. तिथल्या सॉकेटवर आम्ही गाडी लावली आणि रात्रभर तिथेच मुक्काम केला. वहिनीने त्यांच्या चुलीवर भाकरी टाकल्या, त्या फुगल्या. सहस्रकुंड पाहायला आणखी दोन दिवस आणि उमरखेडला एक मुक्काम लागला, पण वहिनीला धबधबा दिसला.

घरी परतल्यावर दादा ओट्याकडे गेला नाही. इंजिनाजवळ उभा राहिला, पत्रा उचलून खाली ठेवला आणि मला म्हणाला, "भंगारवाल्याले बोलाव."

"अन् माह्या मुंगवड्या?" वहिनीने विचारलं.

"गाडीच्या टपावर घाल," दादा म्हणाला. "आता धूर कुठी लागते तथी."