पडणारी अक्षरं

हैदराबादहून सीडी आली त्या दिवशी मालकांनी ऑफिसात जिलेबी वाटली. आमच्या लातूरच्या केबल चॅनेलला स्वतःची मोंटाज मिळाली होती. दोन कार्यक्रमांच्या मध्ये चॅनेलचं नाव मिरवत येणारी काही सेकंदांची चित्रफीत असते, तिला आम्ही मोंटाज म्हणायचो. तोवर आमच्याकडं निळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत नुसतं नाव यायचं. ते मीच टाइप केलेलं होतं. मालकांना त्याची लाज वाटायची.

मी त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. पडद्याच्या खालून सरकणाऱ्या जाहिरातींच्या पट्ट्या करायच्या, हे माझं काम. वाढदिवसाच्या शुभेच्छा, साड्यांचा सेल, हरवलेला देवणी बैल, कपाळावर पांढरा ठिपका. निकालाचे दिवस आले की मात्र बैलाला जागा उरायची नाही. सगळ्या पट्ट्या क्लासवाल्यांच्या. शहरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, आणि त्यांच्यासाठी किनवट, देगलूर, उदगीर, कुठकुठली पोरं ट्रंक घेऊन लातुरात उतरत होती.

माझ्याबरोबर कामाला चाचा होते. वयानं माझ्या वडिलांएवढे. गंजगोलाईत त्यांच्या घरच्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते चालेनासं झालं तेव्हा केबलच्या मशिनी सांभाळायला आले. कोणती सीडी कधी लावायची, आवाज किती ठेवायचा, हे सगळं त्यांच्या हातात.

मालकांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "चाचा, फुल आवाजात लावा."

पडदा काळा झाला. त्या काळ्यात आधी नुसती घरघर ऐकू आली, खालून येणारी. मग वरून दगडाचं एक अक्षर कोसळलं आणि पडदा हादरला. मग दुसरं, तिसरं. शेवटचं अक्षर आदळल्यावर धुळीचा लोट उठला आणि सगळं झाकून टाकलं. क्षणभर काही नाही, आवाजसुद्धा नाही. मग धूळ खाली बसली, तिच्यातून आमच्या चॅनेलचं नाव सोन्यात चमकलं, आणि एक घंटा वाजली.

"कसा हाय दणका?" मालकांनी विचारलं.

माझ्या हातातली जिलेबी तशीच होती. चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि न सांगता आवाजाचं बटण खाली आणलं.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. दगडाच्या रुंद भिंती, वर लाकूड, लाकडावर हातभर माती. त्याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पाव्हणे यायचे तेव्हा भिंतींच्या रुंदीचं कौतुक करायचे. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्याकडंच राहायची. तिला दमा होता. आत कोंडल्यागत होतंय म्हणून ती अंगणात बाज टाकून झोपायची, आणि मला तिच्या कुशीशिवाय झोप लागायची नाही. भूकंपाच्या पहाटे आई, वडील आणि दोघं भाऊ आत होते. गणपती बोळवून सगळा गाव दमून झोपला होता.

आत्यानं मला उचललं आणि रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवलं. मग माझ्या वडिलांना उठवायला ती वळली, तर घरच नव्हतं.

पुढं कधी कुणी विचारलंच, तर ती फार बोलायची नाही. एवढंच सांगायची, आणि दर वेळी त्याच क्रमानं. "आधी घरघर झाली. मग हादरलं. मग फुफाटा. मग सगळं गप. ते गप लई वाईट व्हतं माय."

पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षं काढून आम्ही दोघी लातूरला आलो. नव्या गावात सरकारनं घर दिलं होतं, पण आत्याला तिथं करमेना. सगळ्या घरांची तोंडं सारखी, तिला आपलं दार सापडायचं नाही. लातुरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिनं पोरींसाठी खानावळ काढली. तिच्या हातची आमटी खायला क्लासच्या पोरी जिना चढून यायच्या, जेवताना पुस्तक मांडीवर, आणि समोर टीव्ही चालू. त्यातल्या पैशावर मी कॉम्प्युटर शिकले.

सीडी आली त्या दुपारी मी मालकांना म्हणाले, "मालक, ही मोंटाज आपल्या गावात नको."

"का गं? झकास हाय की."

"घरं पडल्यागत दिसतंय."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. भूकंपानंतर स्वतःची जीप घेऊन भाकरी वाटत आमच्याच भागात फिरला होता. पण त्याच्या घराला फक्त चीर गेली होती, आणि ती त्यानं पुढच्या दिवाळीत बुजवून घेतली होती. "किती वर्षं झाली त्याला," ते म्हणाले. "लोकं इसरले. आता गाव कुठल्या कुठं गेलंय बघ. ह्ये नवं लातूर हाय."

मी घरी जाऊन आत्याला सांगितलं. टीव्हीवर काय येणार आहे, कसं दिसतं, कसला आवाज आहे, सगळं. जेवण वाढताना टीव्ही बंद ठेव म्हणाले.

"पोरींला बातम्या लागतात," ती म्हणाली. "अन् म्या काय टीव्हीला भिती का?"

संध्याकाळी तिनं मुद्दाम समोर बसून ती पाहिली. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून बसली होती. घंटा वाजल्यावर उठली आणि म्हणाली, "हाव. तसंच हाय." आणि भाकरी थापायला गेली. मला वाटलं, झालं, पार पडलं.

ऑफिसात मी ती मोंटाज कॉम्प्युटरवर थांबवून थांबवून पाहायला लागले. आधी नुसता राग होता म्हणून, मग मला ते समजून घ्यायचंच होतं. करणारा हुशार होता. पडदा हादरतो तो अक्षर टेकायच्या किंचित आधी, म्हणजे डोळ्याला कळण्याआधी पोटाला कळतं. घरघर इतकी खालची, की ती नेमकी कधी सुरू होते ते सांगता येत नाही. आपण ऐकायला लागतो तेव्हा ती आधीपासून चालू असते. धूळ उडते ती पाहणाऱ्याच्या अंगावर यावी अशी. आणि धुळीनंतरची ती शांतता त्यानं जरा जास्तच ताणली होती. त्या शांततेत माणूस काहीही पत्करायला तयार होतो. तिथं तो सोनं दाखवतो.

चाचा पाठीमागं उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "बेटा, ह्या क्लासवाल्यांच्या जाहिराती बी अशाच की. आधी घाबरवायचं, पोरगं मागं पडलं, बरबाद झालं. मग फोटो दाखवायचा, हार घातलेला."

खरंच होतं. त्या पट्ट्या मीच करत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

मोंटाज सुरू झाल्यावर फोन आले. मालक खूश. "बघ, लोकं बघायलेत." काही फोन मी घेतले. एका बाईनं विचारलं की हे कधी कधी लागतं, वेळ सांगा, म्हणजे तेवढ्यापुरता टीव्ही बंद करता येईल. तिला सांगायला माझ्याकडं वेळ नव्हती. मोंटाज कुठंही लागायची, तिचं कामच ते होतं.

आठवडाही झाला नसेल. दुपारी ऑफिसात किनवटची पोरगी धावत आली. आमच्याकडं जेवणाऱ्यांतली ती सगळ्यांत लहानखुरी, जंगलातल्या गावातली, आश्रमशाळेत शिकून आलेली. दोन्ही गुडघे फुटलेले, पायात चप्पल नाही.

"ताई, आत्या पडल्या."

रिक्षात तिनं मला सांगितलं. आत्या टीव्हीकडं पाठ करून वाढत होती. टीव्हीत घरघर सुरू झाली, पण पोरींच्या बोलण्यात ती कुणाच्या लक्षात आली नाही. पहिला दगड आदळला तशी आत्याच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "मला वाटलं एकट्याच भाईर पळतील," पोरगी म्हणाली. "पण त्या पहिल्यांदा मलाच धरल्या. मी कोपऱ्यात बसले होते. मनगट धरून ओढल्या. 'चल माय, उठ, भाईर चल, माळवद येतंय' म्हणत होत्या. मी म्हणलं आत्या टीव्ही हाय, टीव्ही हाय ते. ऐकनातच. जिन्यात पाय सटकला. मला सोडल्या न्हाईत, मी त्यांच्या अंगावर पडले."

तिनं मला मनगट दाखवलं. बोटांचे वळ अजून होते.

दवाखान्यात आत्या शुद्धीवर होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. मला बघून तिनं आधी विचारलं, "पोरगी?"

"बरी हाय. भाईर बसलीय."

"निघाली ना भाईर?"

"निघाली."

तिनं डोळे मिटले. खूप वर्षांनी मी तिला इतकं मोकळं पाहत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

मालक संत्री घेऊन आले. पिशवी खाटेखाली ठेवली. बाहेर येऊन मला म्हणाले, "बंद करतो ती. तू कर दुसरी, तुला पायजे तशी."

मी आणि चाचांनी मिळून केली. वरून काहीही पडणार नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी सगळं त्यातून सुचत गेलं. अक्षरं जमिनीवर निजलेली. मागं आमच्याकडची काळी शेतं, त्यांवर फटफटत आलेलं. एकेक अक्षर सावकाश उठून बसतं, जनावर उठतं तसं, आधी मागचा भाग आणि मग पुढचा. पडदा जागचा हलत नाही. धूळ नाही, सोनं नाही. आवाजासाठी चाचांनी त्यांच्या घरी भाकऱ्या थापताना रेकॉर्ड करून आणलं. टप, टप, टप. शेवटचं अक्षर उठलं की थापणं थांबत नाही, पुढं चालू राहतं आणि हळूहळू दूर जातं. तिथं शांतता येऊ द्यायची नाही, हे मी फार जपलं.

आत्याला घरी आणल्यावर मी टीव्ही तिच्या खाटेसमोर सरकवला. मोंटाज लागली तेव्हा मी तिच्याकडंच बघत होते.

"ह्याच्यात तर कायच व्हत न्हाई की," ती म्हणाली.

"व्हय. काय व्हायला नको म्हणूनच केलीय."

तिनं कान देऊन ऐकलं. "भाकर पातळ थापायलीय ती बाई," म्हणाली. "आवाजावरनं कळतंय."

ती पुन्हा चालली नाही. खानावळ बंद पडली. पोरी दुसरीकडं जेवायला लागल्या. किनवटची तेवढी कधीमधी यायची, आत्याचे केस विंचरून द्यायची. चाचणीत मार्क कमी पडायला लागले होते, तिला मागच्या बॅचमध्ये टाकलं होतं. एकदा तिनं मला विचारलं, "ताई, मागच्या बॅचमधली पोरं कुठं जातात?" दिवाळीला ती गावी गेली आणि परत आली नाही. तिची ट्रंक घ्यायला तिचा मामा आला होता. त्यानं सांगितलं, खात न्हाई, बोलत न्हाई, भिंतीकडं तोंड करून बसती. आत्यानं त्याच्याजवळ पोरीसाठी शेंगदाण्याची चटणी दिली.

थंडीत आत्याच्या छातीत कफ भरला. आधीचा दमा, त्यात पडून राहणं. शेवटचे दिवस तिला आत झोपवत नव्हतं. मी आणि शेजाऱ्यांनी खाट गच्चीत नेली, वर चादर बांधली. तिथंच ती गेली. सकाळ झाली होती, खाली रस्त्यावरून पोरं सायकलींवर क्लासला चालली होती.

तेरावं झालं आणि मी कामावर गेले. चाचा मान खाली घालून मशिनी पुसत राहिले. थोड्या वेळानं मला कळलं का ते. टीव्हीवर घरघर सुरू झाली.

तीच मोंटाज होती. तेच दगड, तोच हादरा. फक्त धूळ बसल्यावर आता चॅनेलच्या नावाखाली एका क्लासचं नाव सोन्यात येत होतं, आणि मागून हार घातलेल्या पोरांचे फोटो वर चढत होते. त्या क्लासनं वर्षभरासाठी ती जागा घेतली होती.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, "त्यांना दणकाच पायजे. भाकरीवाल्या मोंटाजला कोण जाहिरात देईल, तूच सांग." मग आवाज खाली आणून, खरोखर समजुतीनं म्हणाले, "अन् आता घरी तुला कुणाची काळजी बी न्हाई."

चहा आला. मी तो प्यायले नाही. मला त्यांचा रागही आला नाही, हेच नवल वाटलं. हा माणूस संत्री घेऊन आला होता, खांदा द्यायला आला होता. त्याला वाटत होतं की जिला त्रास होता ती गेली, म्हणजे त्रास संपला. शहरात फोनवरच्या त्या बाईसारख्या आणखी किती जणी टीव्हीसमोर हात घट्ट धरून बसत असतील, हे त्याला दिसत नव्हतं, आणि मला त्याला दाखवता येत नव्हतं.

"मालक, म्या जाते," मी म्हणाले.

"घरी जा आज. आराम कर."

"घरी न्हाई. सोडून जाते."

चाचा मला जिन्यापर्यंत सोडायला आले. आमच्या मोंटाजची सीडी त्यांनी कागदात गुंडाळून ठेवली होती, ती माझ्या पिशवीत टाकली. "बेटा, तू रुसून चालली असं समजतील ते," ते म्हणाले.

"समजू द्या."

"मी आवाज कमी ठेवीन," ते म्हणाले. "त्यांना कळणार न्हाई एवढा. तेवढं माझ्या हातात हाय."

त्यांनी ते किती दिवस केलं, मला माहीत नाही. त्याच महिन्यात मी नांदेडला आले. इथं एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या अल्बमचं काम मिळालं. लोकांचे चेहरे उजळ करायचे, मागं फुलं लावायची. काम बरं होतं. अर्धापूरहून, मुदखेडहून गिऱ्हाईकं यायची आणि आपलेच फोटो बघून लाजायची. मी राहायला खोली घेतली ती तळमजल्याची, रस्त्याकडं दार उघडणारी. घरमालकीण म्हणाली, वरची खोली रिकामी आहे, हवाही चांगली येते. मी नको म्हणाले. तिनं कारण विचारलं नाही.