हाकेसरशी सुटणारा खेळ

आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. आम्ही दोघी एकाच पाळणाघरात कामाला. मी स्वयंपाकघरात, त्या मुलांमध्ये. तीन ते पाच वर्षांची एकवीस पोरं, आणि सगळी त्यांच्याच पदराला.

एका मुलीच्या वडिलांनी पाळणाघराला चार टॅब भेट दिले, तेव्हापासूनची ही गोष्ट. मुलांना रोज अर्धा तास खेळ द्यायचा असं ठरलं. मालकीणबाई म्हणाल्या, "घाला कुठलेही, लहान मुलांचे म्हणून लिहिलेलं असतंच की." झालं! जाऊबाई उसळल्या. "लिहिलेलं असतं? मी चाखल्याशिवाय मुलांच्या ताटात वरणसुद्धा वाढत नाही."

दुपारी मुलं झोपली की जाऊबाई पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसायच्या. गुडघे हनुवटीला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोटाने बदकांना दाणे घालणं चालू. मी बटाटे सोलता सोलता विचारायची, "काय जाऊबाई, आला का पहिला नंबर?"

"गप गं. चुकलं की हे बदक हसतंय मला. उद्या पोराला हसेल. काढून टाकते मेल्याला."

एका खेळात घड्याळ पळत होतं, तो गेला. एकात मध्येच जाहिरात यायची, तोही गेला. त्यातून उरलेल्यांची शेवटची परीक्षा म्हणजे हाक. मूल खेळात रंगलं की त्या लांबून हाक मारणार, "चल रे, हात धुवायला!" टॅब खाली ठेवून पोर उठलं, तर खेळ पास. चिकटून बसलं तर नापास.

मी म्हटलं, "अहो, आवडता खेळ सोडताना पोरं रडणारच की."

"घसरगुंडी सोडतानाही रडतात. पण घसरगुंडी त्यांचे पाय धरून ठेवत नाही."

मी आपली परत बटाट्यांकडे वळले.

मग आला तो ससा. गाजरं मोजायची, बरोबर आली की ससा नाचणार. छान होतं सगळं. पण बंद करायला गेलं की त्याचे कान पडायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि म्हणायचा, "मला एकटं टाकून चाललात?" सहा मुलांना हाक मारली, पाच उठली नाहीत. जाऊबाईंनी चारही टॅबवरून ससा काढून टाकला.

आता दुर्दैव असं, की टॅब देणारे साहेब ससा बनवणाऱ्या कंपनीतच कामाला. ते मालकीणबाईंकडे आले. सशाचं रडणं घातल्यापासून मुलं दुप्पट वेळ खेळतात, म्हणजे दुप्पट मोजायला शिकतात, असं त्यांनी मोबाइलवर आकडे दाखवून समजावलं. ससा नसेल तर टॅबही परत नेतो आणि मुलीलाही काढून घेतो, असं म्हणाले. मालकीणबाईंनी जाऊबाईंना बोलावलं. "उद्या ससा दिसला पाहिजे. नाहीतर परवापासून तुम्ही येऊ नका."

अकरा वर्षं या बाईने तिथे पोरांची नाकं पुसली! माझं डोकंच फिरलं. पण भीतीही वाटली. म्हटलं, "जाऊबाई, टाका ना तो मेला ससा परत. या वयात आपल्याला दुसरीकडे कोण उभं करणार?"

"तू तुझे बटाटे सोल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जाऊबाईंनी ससा एका टॅबवर घेतला आणि त्यांच्याच मुलीच्या हातात दिला. साडेचार वर्षांची शहाणी पोर, ती गाजरं मोजायला लागली.

"साहेब, खेळ तुमचा, मुलगी तुमची. हाकही तुम्हीच मारा. उठली तर ससा राहील, मी जाईन."

कोणी सांगितली होती ही पैज लावायला? मी दारातून खुणा करत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी.

साहेबांनी हाक मारली. आणि मुलगी उठली! पहिल्याच हाकेला खेळ बंद केला, टॅब खाली ठेवला आणि सरळ हात धुवायला गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब हसले, "झालं समाधान?" मालकीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. जाऊबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी एप्रनची गाठ सोडली आणि एप्रन माझ्या हातात दिला. मला रडू फुटलं.

नळ मात्र वाहतच होता. पोर काही येईना. जाऊबाई नोकरी गेल्याचं विसरून तिकडे धावल्या, मागोमाग आम्ही सगळे. मुलगी बेसिनपाशी दोन्ही कानांवर ओले हात दाबून उभी होती.

"मावशी, बघून ये ना, तो रडायचा थांबला का? मी बंद केलं तेव्हा रडत होता. बाबा ओरडेल म्हणून मी आले."

साहेब खाली वाकले. "अगं, खोटा असतो तो ससा."

"मग रडतो कशाला?"

काल आकडे दाखवणाऱ्या माणसाने आज नुसताच मोबाइल बाहेर काढला.

"सांगा ना," जाऊबाई म्हणाल्या. "विचारतेय ती."

साहेबांनी मोबाइल परत खिशात ठेवला. पण खरं बोलले, एवढं मात्र म्हणायला हवं. "आम्ही रडवतो त्याला. मुलांनी उठून जाऊ नये म्हणून."

मुलीने कानांवरचे हात काढले. "मग तू मला हाक कशाला मारलीस?"

साहेबांनी नळ बंद केला, मुलीचे हात पुसले आणि तिला कडेवर घेऊन बाहेर नेलं. टॅब तिथेच राहिले.

मालकीणबाई घसा खाकरून म्हणाल्या, "पण पैज तर तुम्हीच लावली होतीत. आणि ती उठली."

जाऊबाईंनी माझ्या हातातून एप्रन ओढून घेतला आणि गाठ करकचून मारली.

"उठली. पैज मी हरले. आणि मी जाणार नाही."