बासुंदीची सुई

घरात मांजर असलं की किस्से होतातच. मांजराला डायबिटीस असला की ते दिवसातून दोनदा होतात, सकाळी सात आणि संध्याकाळी सात! गेल्या वर्षभरात इतके साठलेत की आमच्याकडे कुणी जेवायला आलं की पानं घ्यायच्या आधीच विचारतं, "मग? काय म्हणतेय पेशंट?"

आधी मंडळींची ओळख करून देते. मी केतकी, ख्राइस्टचर्चला शिकायला आले आणि इथेच राहिले. मुळात घाबरट. टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकते. हॉर्नबी या उपनगरातल्या आमच्या घरासमोरून मोठा ट्रक गेला की भूकंप समजून टेबलाखाली जाते. नवरा मंदार. त्याला कशाचीच भीती वाटत नाही, त्यामुळे घाबरायचं सगळं काम माझ्यावर पडतं.

नाशिकला आई-बाबा. आईला स्वतःलाच बारा वर्षं डायबिटीस आहे. गोळ्या आता पुरत नाहीत, पायांना मुंग्या येतात, डॉक्टर वर्षभर "इन्सुलिन सुरू करा" म्हणून मागे लागलेत. आईचं उत्तर ठरलेलं, "एकदा सुई लागली की माणूस संपला!" यावरून फोनवर आमची किती भांडणं झाली असतील. इतक्या लांबून मी फक्त काळजी करू शकते, आणि ती मला उत्तम जमते.

आणि बासुंदी. नऊ वर्षांची, साईच्या रंगाची, गोल.

*

मागच्या हिवाळ्यात बासुंदी घटाघटा पाणी प्यायला लागली. वाटी भरली की रिकामी. व्हेटकडे नेलं. इथे मांजरालाही आपलं आडनाव लावतात. नर्सने हाक मारली, "बासुंदी जोशी?" आणि सगळ्या वेटिंग रूमने माझ्याकडे पाहिलं.

रिपोर्ट हातात घेऊन व्हेटने खुर्ची जवळ ओढली. तिने खुर्ची ओढल्याबरोबर मी रडायला लागले.

"डायबिटीस आहे. पण घरच्या घरी इन्सुलिन देता येतं, घाबरू नका," ती म्हणाली. मग मला जरा बरं वाटावं म्हणून तिने विषय बदलला. "नाव फार गोड आहे हं. अर्थ काय त्याचा?"

मी नाक पुसत सांगितलं, "दूध खूप आटवायचं, मग त्यात भरपूर साखर घालायची..."

व्हेटने पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तिला ते खायला देत नाही ना तुम्ही?"

*

सुईचा सराव संत्र्यावर करायचा असतो. मी सात संत्र्यांना पाणी टोचलं. एकही दगावलं नाही.

मग खरी वेळ आली. बासुंदी जेवली. मी तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली, सुई टेकवली, आणि फट्! टोस्टर!

सुई या बाजूने आत गेली, कातडीतून त्या बाजूने बाहेर आली आणि औषध कुठे गेलं ते देवाला माहीत. मी क्लिनिकला फोन लावला. नर्स म्हणाली, "केसांचा वास घेऊन बघा. दवाखान्यासारखा येतोय का?"

मंदार दहा मिनिटं मांजराच्या पाठीत नाक खुपसून बसला. शेवटी निकाल दिला, "दवाखान्याचा येतोय. मागून थोडा माशाचा."

"म्हणजे औषध बाहेर सांडलं. पण पुन्हा द्यायचं नाही हं. आत किती गेलं ते आपल्याला माहीत नाही," नर्स म्हणाली. "संध्याकाळपर्यंत थांबा."

"तोपर्यंत काय करू?"

"चहा करा."

"मांजराला?"

"नाही हो, तुम्हीच घ्या!"

त्या दिवसापासून टोस्टर गॅरेजमध्ये राहतो. आणि संध्याकाळच्या सुईला आईचा व्हिडिओ कॉल असतो, कारण "तू घाबरशील, मी आहे समोर." समोर म्हणजे काय, तर सुई दिसली की ती तोंड फिरवते! सुई झाली की मी जोरात म्हणते, "शहाणी गं माझी बाई ती!" आणि बासुंदीला सुक्या माशाचा एक तुकडा मिळतो. खरं सांगायचं तर ते वाक्य अर्धं मी मलाच म्हणत असते.

*

पुढे बासुंदीच्या कानाच्या कडेला टोचून घरीच साखर मोजायला शिकले. पहिल्यांदा नीट आकडा आला तेव्हा आई कॉलवर होती. मी आनंदाने ओरडले, "आई, सोळा!"

"सोळा?!" आई किंचाळली. "अगं, सत्तरच्या खाली गेली की माणूस आडवा होतो! साखर घाल तिच्या तोंडात! आधी साखर!"

आई किंचाळली म्हणून मी दचकले, मी दचकले म्हणून मांजर कपाटावर गेलं आणि मी मधाची बाटली घेऊन त्याच्यामागे! मंदारने मला दारातच अडवलं.

"अगं, इथलं माप वेगळं आहे. अठराने गुण."

गुणलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

आई म्हणाली, "माझी आज सकाळी दोनशे नव्वद होती. म्हणजे आम्ही दोघी सारख्याच?"

"हो आई," मंदार म्हणाला. त्याला कशाचीच भीती वाटत नाही हे मी सांगितलंच आहे. "फक्त ती औषध घेते."

आईने फोन ठेवला. दोन दिवस जावयाशी बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी नेमक्या वेळेला कॉल. "मला काही ऐकायचं नाहीये. त्या मांजरीची आज किती?"

*

एका मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला आम्हाला दोन दिवस विमानाने उत्तरेकडच्या बेटावर, पुकेकोहेला जायचं होतं. बासुंदीला सुई कोण देणार? आमच्या मराठी ग्रुपमध्ये निम्मे लोक हॉस्पिटलातले. प्रत्येकाला एकदम काहीतरी काम निघालं. शेवटी अनघाताई पुढे झाल्या. त्या भूलतज्ज्ञ. "अगं, मी रोज धडधाकट माणसं झोपवते. तुझं मांजर ते काय!"

संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी त्यांचा फोन. आवाज एकदम बारीक. "केतकी, ही माझ्याकडे बघतेय."

"बघणारच ना, अनघाताई."

"माझे पेशंट बघत नाहीत गं!"

मग मी तिकडूनच फोन करून शेजारच्या मॉरीनला बोलावलं. वय पंचाहत्तर, आयुष्य मेंढ्यांमध्ये गेलेलं. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आली, एका हातातला चहाचा मग खाली न ठेवता दुसऱ्या हाताने सुई देऊन मोकळी. "स्वीट ॲज!" म्हणजे "एकदम झकास!" म्हणाली आणि गेली.

अनघाताईंनी नंतर मला सांगितलं, "बासुंदीने हूं की चूं केलं नाही. पण मी जरा बसले सोफ्यावर."

*

सप्टेंबरच्या शेवटी इथे घड्याळं एक तास पुढे करतात. मंदारने भिंतीवरचं केलं, ओव्हनचं केलं, गाडीतलं केलं. बासुंदीचं कोण करणार?

संध्याकाळी सात वाजता ताटली ठेवली. तिने वास घेतला आणि निघून गेली. खाल्लं नाही तर सुई देता येत नाही. मी रडकुंडीला आले. "तिला काहीतरी झालंय मंदार, भूक मेलीये तिची!"

बरोबर आठ वाजता बासुंदी आली, बसली, ताटली चाटूनपुसून साफ. त्याच क्षणी फोन वाजला. आई! नाशिकला साडेबारा वाजले होते. कालच्या सुईच्या वेळीही साडेबाराच वाजले होते. तिकडे कुणी घड्याळाला हात लावला नव्हता.

व्हेटला विचारलं. ती म्हणाली, "आठ तर आठ. फक्त रोज तीच वेळ ठेवा." तेव्हापासून उन्हाळ्यात आमची सुई आठची. आमच्या घरात एकच जीव अजून भारतीय वेळेवर चालतो, आणि ती जन्माने किवी आहे!

*

नोव्हेंबरात बासुंदीची साखर आठवर आली. आईने माझ्या आधी अठराने गुणलं. "एकशे चव्वेचाळीस," ती म्हणाली आणि फोनसमोरून बाजूला झाली. "काय झालं आई?" तर म्हणे, "काही नाही. कूकर झालाय."

पुढच्या आठवड्यात आठ वाजता कॉल आला तेव्हा आई नेहमीसारखी ओट्याशी नव्हती. डायनिंग टेबलाशी बसली होती, समोर झाकलेलं ताट, शेजारी बाबा, आणि बाबांच्या हातात एक पेन. लिहायचं नव्हे, इन्सुलिनचं.

मी त्या पेनाकडे बघतच राहिले.

"अशी बघू नकोस," आई म्हणाली. "मला आणखी भीती वाटते."

बाबा म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, दिवसातून एकदा. वेळ तुमची तुम्ही ठरवा, पण रोज तीच. ही म्हणाली साडेबारा. त्यांनी विचारलं, साडेबाराच का? तर म्हणते कशी, तेव्हा आमच्याकडे आणखी एकीची असते."

"तुम्ही गप्प बसा हो! केतू, तिला नीट समोर घे. मला दिसली पाहिजे."

मंदारने फोन धरला. मी बासुंदीला ओट्यावर घेतलं, चिमूट धरली. आईने पदर बाजूला केला. बाबांनी मोजलं, "एक, दोन, तीन."

आईने या वेळी तोंड फिरवलं नाही. टक लावून बासुंदीकडे बघत राहिली.

झालं. इकडचंही, तिकडचंही. बाहेरून एक भला मोठा ट्रक गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी जागची हलले नाही. सवयीने बासुंदीला माशाचा तुकडा दिला आणि म्हणाले, "शहाणी गं माझी बाई ती!"

बाबांनी ताटावरचं झाकण काढलं. "झालं गं. जेव आता."

आई तशीच बसून होती. हात मांडीवर, नजर फोनकडे.

"आई, दुखलं का?"

"नाही."

"मग जेव ना. गार होतंय."

"तिला म्हणालीस," आई म्हणाली. "मला?"