मी राजी नव्हते

आमच्या औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेचे साहेब निवृत्त झाले, तेव्हा त्यांची खुर्ची आधी मला विचारली गेली. सगळ्यांत जुनी मीच. मी नाही म्हटलं. दिवसभर मीटिंगांत बसून सह्या ठोकणं माझ्याच्याने होणार नाही; मला ब्युरेटच्या काचनळीसमोर उभं राहून थेंबाथेंबाने द्रावण सोडण्यातच गोडी. मॅनेजरसाहेबांना मी एकच नाव सुचवलं. माझ्या हाताखाली काम शिकलेली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान गुजराती मुलगी. तिचीच नेमणूक झाली.

नोटीस लागली त्या दिवशी ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी मला जिन्यात गाठलं, मला विचारलंच नव्हतं का हे जाणून घ्यायला. "बेन, तमने नहोतुं पूछ्युं?"

"पूछ्युं'तुं ने," मी म्हणाले, "पण हुं राजी नहोती."

आता मी जन्माची बडोदेकर. निजामपुऱ्यात भाजीवाल्याशी भांडते ती गुजरातीत. पण घरात मराठी, आणि आमच्या घरी राजी म्हणजे तयार. बाईंच्या घरी राजी म्हणजे खूश. मी सांगितलं, विचारलं होतं, पण मी तयार नव्हते. त्यांनी ऐकलं, मी नाखूश आहे.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोकांच्या तोंडी मी चिडले होते. चहापर्यंत राजीनामा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी तर माझ्यामागून आणखी दोघं नोकरी सोडणार असल्याचं मलाच कळलं! "अमे तमारी साथे छीए," आम्ही तुमच्या बाजूने आहोत, असं येणारा-जाणारा हळूच सांगू लागला. खोटं कशाला बोलू, एक दिवस मला ते आवडलंसुद्धा. न मागता अख्खा पक्ष मिळाला होता.

मग ती मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली. मान खाली घालून "बेन, रिपोर्ट" एवढंच. माझ्या तपासणीवर तिची सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही, आणि ती माझे आकडे न वाचताच सही करून टाकायची. माझ्या पक्षातले लोक तिने सांगितलेलं काम मुद्दाम उद्यावर ढकलत होते. पोर पहिल्याच महिन्यात हरली असती, आणि ती माझ्यामुळे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, स्वतःवरच.

सोमवारच्या बैठकीत मी उभी राहिले. राजीची सगळी भानगड सांगितली, तिचं नाव मीच सुचवलं होतं तेही सांगितलं. लोक पोट धरून हसले. टायपिस्टबाईंनी कपाळाला हात लावला. पण हसून झाल्यावरही बघणाऱ्यांच्या नजरा तशाच. बोलायला काय जातं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

त्याच दुपारी मी एका बॅचचा रिपोर्ट तिच्या टेबलावर ठेवला. तिने आकडे वाचले, पुन्हा वाचले. प्रयोगशाळेत सगळ्यांचे हात थांबले होते.

"बेन, आ रीडिंग फरी लेवुं पडशे," ती म्हणाली. आवाज बारीक, पण नजर सरळ.

इतक्या वर्षांत मला रीडिंग पुन्हा घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं. कान तापले. ओठांवर उत्तर आलं होतं, ते गिळलं, चष्मा पुसला आणि सगळ्यांसमोर ब्युरेट नव्याने भरली. रंग बदलला तिथे थांबले, डोळा रेषेच्या पातळीवर आणला आणि वाचलं. चूक माझीच होती. मी एक रेघ वर वाचली होती.

मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो अभिमान. माझी चूक पकडेल असं माणूस मी तयार केलं होतं, आणि भीत भीत का होईना, त्याने ती पकडली होती.

आजवर मी तिला तूच म्हणत आले होते. नवा रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला आणि तुमचंच खरं होतं, हे शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, तमे साचां हतां. सही करो."

तिने सही केली. पण आकडे वाचून झाल्यावरच.