घोडीचं टॉनिक आणि कय्युमभाईंचा हात

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगीर विकणारे पुष्कळ येतात, पण कय्युमभाई घोडीची पाठ डोळ्यांनी बघत नाहीत. तिच्या मणक्यावरून तळहात फिरवतात, मान हलवतात आणि मालकाला सांगतात, "हिला आधी खाऊ घाल, मग खोगीर माग." गिऱ्हाईक चिडतं, दुसरीकडे जातं आणि परत त्यांच्याकडेच येतं. आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, ते निवृत्त होणाऱ्यांतले नाहीत. त्यांची हातोडी वाजली की माझा सकाळचा चहा होतो.

यंदा मार्गशीर्ष लागला, घोडेबाजाराची यात्रा तोंडावर आली, तरी हातोडी गप्प. मग त्यांची बायको रशिदा माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"बाई, तुम्हीच सांगा त्यास्ले. म्हंतस, मन्हा हात गया. भीमसिंगनं खोगीर तसंच परत देतस आन् जाहिदकडे सुरतले ऱ्हावाले जातस." जाहिद त्यांचा मुलगा, तिकडे साड्यांच्या कारखान्यात असतो. "तठे मी काय करू? लिफ्टमा बसू?"

मी चपला घातल्या आणि गेले. भीमसिंग घोड्यांचा व्यापारी. त्याच्या पांढऱ्या घोडीचं खोगीर अर्धं शिवलेलं कय्युमभाईंच्या मांडीवर होतं. हातात सुई, मेण लावलेला दोरा, आणि दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. बोटं थरथरत होती. थंडीचे दिवस आणि माणूस घामाने चिंब.

"साठी उलटनी बाई. आते वय शे."

"वय मलाही आहे. सकाळपासून काय खाल्लंत?"

"काम व्हतं. मंग खासू."

मी रशिदाला साखरेचं पाणी करायला सांगितलं. कय्युमभाईंनी पेला बघितला. "माले शुगर शे आन् तुम्ही साखर पाजतस?"

"प्या आधी, भांडा नंतर."

प्याले. थोड्या वेळाने घाम थांबला, बोटं शांत झाली. त्यांनी दोरा पुन्हा नेढ्याशी नेला तर सरळ आत गेला. सुईकडे असे बघत राहिले जणू ती कुणा दुसऱ्याची आहे.

"तुमची साखर उतरत असणार," मी म्हटलं. "गोळी घेता ना? आणखी काय घेता?"

"काहीच नही."

"काहीच नही?" रशिदा चुलीजवळून म्हणाली. "सकायले कारलाना रस कोन पेस? मेथीनी भुकटी कोन खास? आन् ते घोडीनं?"

"घोडीचं काय?"

कय्युमभाईंनी खोगिराच्या शिवणीत एकदम फार रस घेतला. रशिदानेच सांगितलं. पावसाळ्यात सोनोग्राफीत त्यांच्या लिव्हरवर चरबी निघाली. भीमसिंगने ऐकलं आणि आपल्या घोड्यांचं लिव्हरचं टॉनिक आणून दिलं. कॅनवर भुईआवळा आणि कुटकीची नावं, बाजूला उड्या मारणारा घोडा. चणे खाऊन खाऊन घोड्याचं लिव्हर थकतं, हे पाजलं की अंगावर तकाकी येते, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक. कय्युमभाईंनी घोडीचं वजन आणि आपलं वजन यांचा अंदाज घेऊन माप ठरवलं होतं. खोगिराचं माप हाताने घेतात, हे मात्र नुसत्या नजरेने.

"झाडपालाच शे ना बाई. त्यानं काय व्हस?"

"धोत्राही झाडच आहे. खा उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शहाद्याला डॉक्टरांकडे गेलो. कारल्याची बाटली, मेथीचा डबा, गोळ्या, कॅन, सगळं मी बरोबर घ्यायला लावलं. घोड्याचं चित्र लोकांना दिसेल म्हणून कय्युमभाईंनी कॅनला टॉवेल गुंडाळला. त्यामुळे तो लहान मुलासारखा दिसू लागला आणि एस.टी.त एका बाईने त्याला झोप लागली का म्हणून विचारलं.

डॉक्टर तरुण होते. टॉवेल सोडल्यावर त्यांनी कॅन फिरवून घोडा नीट बघितला. मग म्हणाले, "चाचा, मागच्या वेळी मी विचारलं होतं, दुसरं काही घेता का?"

"तुम्ही दवाई ईचारी व्हती. हाई तं घोडानं शे."

डॉक्टर हसले, पण सांगायचं ते नीट सांगितलं. गोळी साखर उतरवते. कारलं आणि मेथीही थोडी उतरवतात. कॅनमधल्या वनस्पतीही उतरवू शकतात, आणि हे माप तर माणसाचं नाहीच. शिवाय बरीच औषधं लिव्हरच मोडून बाहेर काढतं. काही वनस्पती त्या कामात हात घालतात, मग गोळी रक्तात जास्त वेळ रेंगाळू शकते. "एखादी गोष्ट निभली असती, चौघी मिळून तुम्हाला लोळवताहेत."

रशिदा हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करायची गोळी घेते. डॉक्टरांनी तिलाही विचारलं. तिने नवऱ्याकडे बघून कबूल केलं की टॉनिकचा एक चमचा तिनेही चाखला होता. "तुम्ही तर अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले, आणि तिचं रक्तही तपासायला घेतलं.

कय्युमभाईंना सांगितलं, टॉनिक बंद, रस आणि भुकटी बंद, कारलं भाजीत खा. गोळी कमी केली, पण मनाने सोडायची नाही. जेवण वेळेवर. लिव्हरसाठी चालणं आणि भजी कमी. "हात तरीही थरथरला तर दुसरं काही शोधू," असंही म्हणाले. परतीच्या वाटेवर कय्युमभाई त्या एकाच वाक्यापायी आपला तळहात उलटसुलट करून बघत होते.

पुढचे दिवस रशिदा त्यांना भाकरीला हाक मारायची आणि ते उठले नाहीत तर ताट खोगिरावरच ठेवायची. चामड्याला डाग पडेल या धाकाने ते जेवायचे. हात दिवसागणिक स्थिरावत गेला.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी भीमसिंग अर्धं काम उचलून न्यायला आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, म्हातारा गेला कामातून. कय्युमभाईंनी वर न बघता शेवटचा टाका ओढला, दातांनी दोरा तोडला आणि खोगीर त्याच्या पुढ्यात टाकलं.

"काका, टॉनिकनं काम करं ना," भीमसिंग खुशीत म्हणाला. "म्हनत व्हतु मी."

कय्युमभाईंनी त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पुढे म्हणाले, "तुन्ही घोडी मन्हापेक्षा हुशार शे. टॉनिक दिसनं की ती तोंड फिरावस."

यात्रेत पांढऱ्या घोडीवर ते खोगीर चढलं. खोगीर बांधायचा पट्टा, तंग, आवळायला कय्युमभाई स्वतः गेले, पोटाखालून हात घालून दोनदा चाचपला आणि तिथूनच दुसरं काम घेऊन आले. रात्री जाहिदचा फोन आला. त्याने खोली रंगवून ठेवली होती, अब्बा कधी येताहेत?

"त्या खोलीमा भाडेकरू ठेव," कय्युमभाई म्हणाले, आणि रशिदाने वाढलेल्या ताटावर बसले.