गुडघ्यांचा मंगळवार

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. एमआरआय विभागाच्या काउंटरवरच्या बाई तिसरा फोन लावत होत्या.

"काका, आज गुडघा आहे ना? पट्टा, चेन काही नको. नाडीचा पायजमा घालून या. मोबाइल? तो मुलाकडे द्या, तेवढाच त्याला उद्योग."

बाई सत्तावीस वर्षं इस्पितळात लिपिक आहेत. मशीन आल्यापासून त्यांना एक गोष्ट खुपत होती. प्रत्येक अवयवाभोवती बसवायची कॉइल वेगळी. गुडघा, डोकं, पाठ, पुन्हा गुडघा असे पेशंट आले, की दर वेळी ती बदलण्यात सात-आठ मिनिटं जातात. कपडे बदलण्यात आणखी चार. एवढं महागाचं यंत्र तोवर नुसतं घुमत बसतं आणि बाहेर वाट पाहणाऱ्यांची यादी एकेचाळीस दिवसांवर गेलेली. बाईंनी सुचवलं, तातडीचे सोडून मंगळवारी सगळे गुडघेच घेऊ आणि पेशंटना आदल्या दिवशी नाहीतर सकाळी फोन करू.

"हे इस्पितळ आहे, बस डेपो नव्हे," विभागप्रमुख म्हणाले.

"डेपोत गाडी रिकामी उभी राहिली, तर आमच्या ह्यांना मेमो मिळायचा, सर."

सरांनी एक मंगळवार दिला. एरवी दिवसाला बारा पेशंट होत. पाचपर्यंत सोळा झाले तर पुढे चालू, नाहीतर विषय बंद.

आज तो मंगळवार. चार वाजून वीस मिनिटांनी पंधरा झाले. सोळाव्या आजी दारातच अडल्या. "त्या बोगद्यात मी जायची नाही." टेक्निशियनने समजावलं, सुनेने विनवलं. आजी ढिम्म.

पंधरावा पेशंट, एक रंगारी, बाकावर बुटाची नाडी बांधत होता. "आजी, गुडघ्याला फक्त पाय आत जातात. डोकं बाहेरच. मी छताचे पोपडे मोजत पडलो होतो."

एरवी त्या बाकावर डोक्याचा पेशंट असता, तर त्याने खरोखरच बोगद्याची गोष्ट सांगितली असती.

"आवाज फार होतो म्हणे?"

"आई, तो वीस मिनिटांत थांबतो तरी," सून म्हणाली.

आजींनी तिच्याकडे बघितलं, काठी तिच्या हातात दिली आणि आत गेल्या.

चार बावन्नला त्या बाहेर आल्या. सरांनी रजिस्टर पाहिलं. "पुढचा मंगळवारही असाच लावा."

उद्या बुधवार, यादी जुन्याच पद्धतीची. पहिला पेशंट आठ वाजता, डोकं. मग खांदा, मग पाठ. एकूण नावं बारा.